गाडी स्वस्त, पण दुरुस्त कोण करणार?

"वहिनी, एक गाडी बघितलीय. फियाटची पुंटो, डिझेल, २०११ चं मॉडेल. माणूस लाख-सव्वा लाखात द्यायलाय. इसार देऊ का?"

चाकूरहून नणंदेचा फोन. ती शिक्षिका. सासूबाईंचं डायलिसिस सुरू झालंय, आठवड्यातून दोनदा लातूर. अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटर, पण भाड्याच्या गाडीनं महिन्याचं गणित पार कोलमडलंय. म्हणून ही घाई. मी म्हटलं, "इसार देऊ नको, आधी दोन दिवस दे मला."

तिच्यासारखा हिशेब सध्या बऱ्याच घरांत चाललाय. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या. नवी उतरली की जुनीचाही भाव उतरतो. त्यातही फियाटचा जरा जास्तच. त्याच वर्षाची, तेवढीच पळालेली स्विफ्ट घ्यायला गेलात तर किंमत पुष्कळ वर जाते. असं का?

खरं तर फियाट आपल्याकडे परकी नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी म्हणजे मुळात फियाटच. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली तेव्हा कितीतरी जणांना गलबलून आलं. मग १९९६ मध्ये युनो आली. बुकिंगला झुंबड उडाली, पण गाड्या वेळेवर मिळेनात. २००१ मध्ये पॅलिओ आली, तिच्या जाहिरातीत सचिन होता. २००७ च्या सुमारास टाटांशी भागीदारी झाली, पुण्याजवळच्या रांजणगावला उत्पादन सुरू झालं. २००९ मध्ये पुंटो आली ती टाटांच्या शोरूममधून. २०१२ मध्ये विक्री वेगळी करायचं ठरलं आणि तालुक्याच्या गिऱ्हाईकाला 'आता सर्व्हिसिंग कुठं' हा प्रश्न पडला तो तेव्हापासून. २०१९ च्या सुमारास पुंटो थांबली. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाले, त्यात बसणारी गाडी फियाटनं इथं आणलीच नाही. आता ही कंपनी स्टेलांटिस समूहात आहे, रांजणगावला जीप तयार होतात.

म्हणजे ही माहेर तुटलेली गाडी. स्वस्त आहे ती यामुळे. ती वाईट आहे असं यावरून ठरत नाही.

उलट तिची एक बाजू भक्कम आहे. पुंटोचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा या गाड्यांतही होतं. नाव वेगळं, घराणं तेच. त्यामुळे चाकूर-अहमदपूरचा जो मिस्त्री स्विफ्ट डिझेल उघडतो, त्याला पुंटोचं इंजिन अनोळखी नाही. पत्राही जाड, रस्त्यावर गाडी घट्ट बसते. फियाटवाले आपल्या गाडीवर जीव टाकतात ते उगीच नाही.

अडचण इंजिनच्या बाहेर आहे. हेडलाइट, बंपर, दाराचं हँडल, काच वर-खाली करणारी मोटर, इंजिनचा कॉम्प्युटर. हे सामान स्विफ्टचं चालत नाही. ते जीपच्या वर्कशॉपकडे मागवायचं, नाहीतर पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारात शोधायचं. तोवर गाडी उभी. चाकूरला तर सोडाच, लातूरलाही पार्ट त्याच दिवशी मिळेल असं धरून चालू नका.

म्हणून 'फियाट भरवशाची आहे का' हा प्रश्न मला अर्धाच वाटतो. गाडीचा भरवसा नुसता गाडीत नसतो. ती बंद पडल्यावर किती तासांत पुन्हा चालू होईल, त्यात असतो. तीच पुंटो पुण्यात भरवशाची ठरेल आणि चाकूरला ठरणार नाही.

दुसरी मेख कागदात आहे. खासगी गाडीचं पासिंग पंधरा वर्षांचं असतं. २०११ ची गाडी म्हणजे २०२६ मध्ये मुदत संपणार! पुढची पाच वर्षं हवी तर आरटीओत गाडी दाखवून पास करून घ्यायची. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, पर्यावरण कर वेगळा. बरेच मालक नेमकी याच वेळी गाडी काढतात. तेव्हा पासिंग विकणाऱ्यानं करून द्यावं, मगच पैसे, असं सरळ सांगा. नव्या नंबरप्लेटचंही तेच. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना ती सक्तीची आहे.

(डिझेलऐवजी पेट्रोलची पॅलिओ किंवा पुंटो घेणार असाल तर आणखी एक गोष्ट. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलसाठी न बनलेल्या जुन्या गाड्यांचं मायलेज सहा-सात टक्क्यांनी घटेल, असा नीती आयोगाच्या समितीचा २०२१ मधला अंदाज होता. पेट्रोलच्या रबरी नळ्या तपासून घ्या.)

गाडी बघायला जाताना मालकाला सांगा, मी येईपर्यंत चालू करू नका. बॉनेटला हात लावा, गरम असेल तर समजून घ्या. थंड इंजिन पहिल्या झटक्यात उठलं पाहिजे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पुढून साखळीसारखी खडखड आली तर टायमिंग चेनचं काम निघालंय, आणि ते काम खिसा मोकळा करतं. चावी फिरवल्यावर मीटरमधले इंजिनचे, एअरबॅगचे दिवे लागून विझले पाहिजेत. लागतच नसतील तर कुणीतरी ते काढून ठेवलेत! मीटर साठ हजार किलोमीटर दाखवतंय आणि पॅडलचं रबर गुळगुळीत, तर रबरावर विश्वास ठेवा. एसी लावून अर्धा तास चालवा, तापमानाचा काटा बघा. आपल्याकडच्या मे महिन्यात तिथंच खरी परीक्षा आहे.

मग आरसी. समोरचा माणूस मालक आहे की मधला, हे बघा. 'टीटी फॉर्मवर सह्या तयार आहेत' म्हणून तीन-तीन हात फिरलेल्या गाड्या असतात. फायनान्सचा बोजा उतरलाय का, दंडाची चलनं किती, हे परिवहनच्या साइटवर दिसतं. गाडी नावावर झाली की चौदा दिवसांत विमाही नावावर करायला द्या. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. म्हणजे तुम्ही जुनी गाडी विकली आणि नाव तसंच राहिलं, तर दावा तुमच्या दारात.

आणि मैत्रिणींनो, पैसे तुमच्या पगारातले असतील तर आरसीवर नावही तुमचंच असू द्या. 'घरातलीच तर गाडी' म्हणत आपण किती गोष्टी सोडून देतो!

नणंद मिस्त्रीला घेऊन गेली. इंजिन एका झटक्यात उठलं, धूर नाही, खडखड नाही. मिस्त्री खूश. फक्त एक हेडलाइट तडकलेला. तिनं विचारलं, "हा मिळेल का?" तो म्हणाला, "ताई, इंजिनचं माझ्याकडं लागलं. लाइट तेवढा तुम्ही आणून द्या."

रात्री तिचा फोन आला. "वहिनी, नाही घेतली. गाडी चांगली हाय वं. पण मंगळवारी आणि शुक्रवारी आत्याबाईंना न्यायचंच असतंय. त्या दिवशी गाडी पार्टसाठी उभी ऱ्हायली तर मी काय करू?"

आता ती जुनी वॅगन-आर बघतेय. पन्नास-साठ हजार जास्त जातील. ती पुंटो मात्र घरात दुसरी गाडी असलेल्या, पुण्याला येणं-जाणं असलेल्या कुणीतरी जरूर घ्यावी. सुखात राहील.