निनावी ग्रंथांचा मुलूख

इ. स. १८६८ मध्ये चीनच्या च्यांगसू प्रांताचा सुभेदार दिंग रिछांग याने १२२ पुस्तकांची यादी आपल्या हाताखालच्या अंमलदारांकडे धाडली, आणि ही पुस्तके व ती छापण्याचे कोरीव लाकडी ठसे जिथे सापडतील तिथून गोळा करून नष्ट करावेत अशी सक्त ताकीद दिली. तेवढ्याने समाधान झाले नाही म्हणून मागाहून आणखी ३४ नावांची पुरवणी जोडली. या यादीत केवळ चाळवणारी पुस्तके तर होतीच, पण ज्यांच्यावाचून चिनी वाङ्मयाचा इतिहास लिहिताच येणार नाही अशी ‘श्वेहू चुआन’ ही बंडखोरांची कथा आणि ‘होंग लौ मंग’ ही एका वैभवशाली घराण्याच्या ऱ्हासाची कादंबरीही होती. हा दिंग कोणी अक्षरशत्रू कारकून असता तर त्याच्या यादीची दखल आम्ही घेतलीच नसती. परंतु तो त्या काळातील एक नामांकित ग्रंथसंग्राहक होता, प्राचीन आणि दुर्मिळ आवृत्त्यांनी त्याचे ग्रंथागार समृद्ध होते, आणि पुस्तकाचे मोल काय असते हे त्याला कोणी सांगावे लागत नव्हते. ग्रंथांवर प्रेम करणाऱ्यानेच ग्रंथांचा संहार आरंभावा, हा विरोधाभास चीनमधील ग्रंथबंदीच्या इतिहासात पदोपदी भेटतो.

बंदीची कारणे काळानुसार पालटत गेली. १४४२ मध्ये राजविद्यालयाच्या प्रमुखाने छू यौ याच्या अद्भुतकथांविरुद्ध तक्रार गुदरली ती विद्यार्थी अभ्यास सोडून त्यांच्या नादी लागतात म्हणून; १६४२ मध्ये मिंग दरबाराने ‘श्वेहू’ जाळण्याचे फर्मान काढले ते शानतुंगमध्ये, कादंबरीतल्या पुंडांच्याच ल्यांगशान परिसरात, खऱ्या पुंडांनी उच्छाद मांडला म्हणून. दोनच वर्षांनी ते राजघराणेच बुडाले. मागून आलेल्या मांचू राजवटीने मात्र हे काम शिरस्त्यात बसविले. १७१४ च्या हुकमान्वये असले ग्रंथ रचणारा वा छापणारा सरकारी अधिकारी असेल तर बडतर्फ व्हावा, सामान्य रयत किंवा शिपाई असेल तर त्याला शंभर फटके आणि तीन हजार ली अंतरावर हद्दपारी, विक्रेत्याला शंभर फटके आणि तीन वर्षांची सक्तमजुरी, असा दंडाचा तपशील ठरला. गंमत अशी की, या हुकमाच्या अवघी सहा वर्षे आधी, १७०८ मध्ये, ‘चिन फिंग मे’ या सर्वांत बदनाम कादंबरीचे भाषांतर राज्यकर्त्यांच्या स्वतःच्या मांचू भाषेत छापून निघाले होते!

या ‘चिन फिंग मे’ची जन्मकथा मोठी वाचनीय आहे. एका सधन, कामलोलुप व्यापाऱ्याच्या शंभर प्रकरणांच्या या कथेचा पहिला उल्लेख सापडतो तो १५९६ च्या सुमारास कवी युआन होंगदाव याने चित्रकार दोंग छीछांग याला लिहिलेल्या पत्रात. हे हस्तलिखित आपणास मिळाले कोठून, उरलेला भाग कोणाकडे आहे, नक्कल उतरून झाल्यावर ते कोठे बदलून घ्यावे, अशी त्याची उतावीळ विचारणा आहे. पुढे शन दफू नावाच्या विद्वानाने युआनच्या धाकट्या भावाकडून प्रत मिळवून तिची नक्कल केली आणि ती सूचौ नगरीत आणली, तेव्हा कथासंग्राहक फंग मंगलोंग याने ती पाहून, पुस्तकवाल्यांनी भारी किंमत देऊन ती विकत घ्यावी असा आग्रह धरला, आणि त्या वेळी तेथील जकातीच्या कामावर असलेल्या एका सरकारी अधिकाऱ्यानेही त्या आग्रहाला दुजोरा दिला. शनने उत्तर दिले की, हा ग्रंथ आज ना उद्या कोणीतरी छापीलच, पण तो घरोघर पोचून लोकांची मने बिघडली आणि यमराजाने जाब विचारला तर मी काय सांगू? (हा यमराज बौद्ध धर्माबरोबर आपल्याकडूनच तिकडे गेलेला, हे वाचकांस सांगणे नलगे.) त्याने प्रत पेटीत बंद केली, आणि थोड्याच काळात तेच पुस्तक सूचौच्या बाजारात टांगलेले दिसले.

पुढच्या काळात प्रसार आणि बंदोबस्त एकाच वस्तीत सुखेनैव नांदले. ‘होंग लौ मंग’ १७९१ मध्ये प्रथम छापली गेली, त्यापूर्वी तिच्या हस्तलिखित प्रती देवळाच्या जत्रेत फार चढ्या भावाने विकल्या जात. आणि बंदी कडक झाली की दुकानदार पुस्तकाचे नाव फिरवीत, त्या ‘होंग लौ मंग’चे ‘चिन यू युआन’ होई, आणि एखादी निव्वळ कामकथा ध्यानधारणेचे नाव धारण करून ग्राहकापुढे येई. वाचकांपासून पुस्तक तोडण्यात हे सारे कायदे हरले, असेच म्हणावे लागते.

पण ते सर्वस्वी हरले नाहीत, आणि हे आम्हांस विशेष सांगावयाचे आहे. त्यांनी पुस्तकापासून त्याचा कर्ता तोडला. ‘चिन फिंग मे’चा लेखक कोण, हे आजतागायत कोणी निश्चयाने सांगू शकलेले नाही, ‘लानलिंगचा उपहासक पंडित’ या टोपणनावापलीकडे त्याचा माग लागत नाही. ‘श्वेहू’चा कर्ता म्हणून ज्या शी नाइआनचे नाव घेतात, त्याच्या चरित्राचा विश्वसनीय पुरावा जवळजवळ नाहीच; आणि ‘होंग लौ मंग’चा कर्ता त्साव श्वेछिन याच्या जीवनाचा शास्त्रशुद्ध शोध हू श या विद्वानाने १९२१ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर दीडशे वर्षांहून अधिक काळाने घेतला. कथालेखन हे सभ्य पंडितास कमीपणा आणणारे मानले जाई हेही याचे एक कारण खरे, किंबहुना फटक्यांच्या भयाहून ही लोकलज्जाच अधिक समर्थ असावी. पण लोकलज्जेला राजमुद्रा उमटवून देण्याचे काम कायद्याने केले.

याउलट आमच्याकडे १९६२ च्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकरांच्या कथेवर अश्लीलतेचा खटला चालला, उच्च न्यायालयात ते दोषी ठरले आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. सात वर्षे दगदग झाली खरी. परंतु लेखक आपल्या नावानिशी न्यायासनापुढे उभा राहिला, आणि सुटला तोही नावानिशीच.

या अंकातील लेखनाखालीही ज्याचे त्याचे नाव आहे. सर्वच मजकूर सर्वांस रुचेल अशी आमची अपेक्षा नाही. ज्यांना रुचणार नाही त्यांनी परखड पत्र अवश्य लिहावे, आम्ही ते छापू. खाली सही मात्र असावी.