भिंत मालकाची, शब्द कामगाराचे

पवनी तालुक्यातील आसगावसारख्या गावातला तरुण आज पुण्याच्या संगणक-कंपनीत नोकरी करतो. कंपनीच्या अंतर्गत जाळ्यावर तो चेन्नईच्या सहकाऱ्याला अडचण विचारतो, वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो. या सोयीला आमचा विरोध नाही. घरोघरी एकेकट्या बसून विड्या वळणाऱ्या भंडारा जिल्ह्यातील स्त्रियांना विखुरलेपणाची किंमत ठाऊक आहे. शेजारणीचा हिशेब शेजारणीला न कळणे, हेच ठेकेदाराचे बळ!

परंतु ही भिंत कोणाची? तिच्यावरील शब्द व्यवस्थापनाला वाचता येतो. तेथे कौतुक खपते, पगाराची तुलना खपत नाही. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीने सुमारे १२,००० जणांची कपात जाहीर केली. अशी कपात शुभेच्छांनी अडत नाही. अडलीच तर संघटनेने अडते.

कण्णूरच्या विडी कामगारांनी आपल्यातलाच एक वाचक नेमला, त्याच्या वाट्याच्या विड्या इतरांनी वळल्या आणि हात चालू ठेवून वृत्तपत्र ऐकले. ते व्यासपीठ त्यांचे स्वतःचे होते.

म्हणून मागणी साधी आहे. या जाळ्यावर कामगार संघटनेला पहाऱ्याबाहेरचे पान मिळाले पाहिजे आणि तेथील मजकुरावरून कोणावर कारवाई होता कामा नये. तोवर, साथींनो, महत्त्वाचे बोलणे मालकाच्या भिंतीबाहेरच झाले पाहिजे.