नदी आणि दर्या



उर्दूत ‘दर्या’ म्हणजे नदी. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र. फारसीतून आलेला हा एकच शब्द. पण दोन भाषांत त्याचे दोन अर्थ झाले. मला वाटते, या शब्दात एक धडा लपलेला आहे.

आपले छत्रपती संभाजीनगर समुद्रापासून दूर आहे. “समुद्राशी आमचा काय संबंध?” असे तुम्ही विचाराल. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे.

अरबी समुद्राचेच उदाहरण घ्या. पृष्ठभागावर वनस्पतिप्लवके म्हणजे पाण्याबरोबर तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म वनस्पती असतात. त्या सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात. मासे शेवटी त्यांच्यावरच जगतात. ही प्लवके मेली की खाली बुडतात. तेथे जीवाणू त्यांना कुजवतात आणि पाण्यातील प्राणवायू वापरतात. या समुद्राची उत्तर बाजू जमिनीने बंद आहे. त्यामुळे खोल पाण्यात ताजा प्राणवायू फार हळू पोहोचतो. म्हणून सुमारे १५० ते १००० मीटर खोलीवर प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो. १९६६ साली स्थापन झालेली, गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था या थराचा अभ्यास करते.

पण तेथेही जीवन आहे! या थराच्या वरच्या कडेला अंधूक प्रकाश पोहोचतो आणि खालून पोषक क्षारही मिळतात. तेथे प्रोक्लोरोकॉकस नावाचे जीव राहतात. ते इतके लहान असतात की एका मिलिमीटरमध्ये हजाराहून अधिक जीव ओळीने बसतील. ते थोडा प्राणवायू तयार करतात. शेजारचे जीवाणू तो लगेच वापरून टाकतात.

पावसाळ्यात वाऱ्यांमुळे आणि प्रवाहांमुळे पश्चिम किनाऱ्याजवळ खालचे पाणी वर येते. त्याबरोबर क्षार येतात, प्लवके वाढतात, माशांना अन्न मिळते. पण हेच पाणी प्राणवायूची टंचाईही घेऊन येते. पावसाळ्याच्या अखेरीस गोव्याच्या किनाऱ्याजवळ तळाचे पाणी माशांना गुदमरवणारे होते. जो प्रवाह देतो, तोच घेतोही.

हे वारे तुमच्या ओळखीचे आहेत. ‘मौसम’ या अरबी शब्दावरून आपण त्यांना मोसमी वारे म्हणतो. तेच आपल्या शेतांवर पाऊस आणतात. मग आपण समुद्राला परत काय देतो? आपली खाम नदी गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. त्या उपसागरातही असाच थर आहे. तेथे प्राणवायूचा केवळ लेश उरला आहे. सांडपाणी आणि जादा खत समुद्रात गेले, तर प्लवके फार वाढतील, मरतील, कुजतील आणि तो लेशही संपू शकेल. त्यातच समुद्र तापत आहे आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो.

“एका नाल्याने काय होणार?” असे कोणी म्हणेल. खरे आहे, एकट्या खाममुळे उपसागर बदलणार नाही. पण नदीकाठचे प्रत्येक गाव असेच म्हणू लागले, तर? शिवाय घाणीने हिरव्या झालेल्या तळ्यात मासे मरतात, तेही याच कारणाने. म्हणजे हे नुकसान आधी आपल्याच दाराशी होते.

म्हणून मित्रांनो, नाल्यात कचरा टाकणारा हात थांबवा. आधी आपला, मग दुसऱ्याचा. नदी आणि समुद्र वेगळे नाहीत. ‘दर्या’ हा शब्द आपल्याला हेच सांगत आला आहे.