सायलेन्सर बदलण्यापूर्वी



डेअरीत दूध घालायचे असो, खताची गोणी आणायची असो की वस्तीवरची मुले शाळेत पोचवायची असोत, मोटारसायकल आता घरातले एक अवजारच झाली आहे. म्हणून या खेपेला पिकाऐवजी तिच्याविषयी चार शब्द.

हंगामाचा पैसा हाती आला की कित्येक घरांत तरुण मुलगा मूळ सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाचा बसवतो. 'नुसती नळी तर बदलली,' असे तो म्हणतो. पण नव्या गाडीत ती नुसती नळी राहिलेली नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ च्या गाड्या विकल्या जातात. त्यांपैकी बहुतेकींना कार्बुरेटर नाही. इंजिनात पेट्रोल किती सोडायचे हे एक छोटा संगणक ठरवतो. त्याला खबर देणारे नाक धुराच्या वाटेवर बसवलेले असते. त्याचे नाव ऑक्सिजन सेन्सर.

चुलीला वारा कमी पडला की धूर होतो आणि भांडी काळी होतात. इंजिनाचेही तसेच आहे. १ किलो शुद्ध पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. उसाच्या मळीपासून होणारे इथेनॉल मिसळलेले असेल तर थोडी कमी पुरते. पेट्रोल जास्त झाले तर ते वाया जाते आणि प्लगवर काजळी धरते. याला मेकॅनिक 'रिच' म्हणतात. हवा जास्त झाली तर ते 'लीन'. मग इंजिन तापते, गाडी ओढत नाही आणि मूठ सोडली की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतात.

सेन्सर धुरात उरलेला ऑक्सिजन हुंगतो. मिश्रण रिच असेल तर तो सुमारे ०.९ व्होल्ट दाखवतो, लीन असेल तर सुमारे ०.१. बॅटरीच्या एका सेलमध्ये दीड व्होल्ट असतात, यावरून हा इशारा किती नाजूक आहे ते ध्यानात येईल. एवढ्यावरून संगणक पेट्रोल कमी-जास्त करीत राहतो.

आता नवी नळी बसवताना जोड सैल राहिला तर काय होते? धूर इंजिनातून धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो. दोन धक्क्यांच्या मध्ये फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटते, हवाच जास्त आहे. तो तशी खबर देतो आणि संगणक पेट्रोल वाढवतो. इंजिनात मिश्रण बरोबर असूनही गाडी पेट्रोल पिऊ लागते. खोट्या साक्षीवर दिलेला हा निकाल होय.

दुसरी गोष्ट. पूर्ण मूठ पिळली की बहुतेक गाड्यांत संगणक सेन्सरकडे न पाहता आधी भरून ठेवलेल्या कोष्टकाप्रमाणे पेट्रोल सोडतो. ते कोष्टक मूळ सायलेन्सरसाठी केलेले असते. फार मोकळी नळी लावली तर अशा वेळी मिश्रण लीन होऊ शकते, आणि ओझे घेऊन चढ चढताना इंजिन तापते.

तेव्हा पुढील गोष्टी सांभाळा:

१. कंपनीने त्याच मॉडेलसाठी मंजूर केलेलाच भाग घ्या. सेन्सर त्याच्या मूळ जागी, पूर्ण आट्यांनी बसला पाहिजे.

२. सेन्सर काढून भोक बुजवणे किंवा त्याला फसवणारा तुकडा जोडणे कटाक्षाने टाळा.

३. जोडाला नवे गॅस्केट घाला. सिलिकॉनचा लेप लावू नका, त्याच्या वाफेने सेन्सर निकामी होतो.

४. जोडाभोवती काळे डाग दिसले तर तेथे गळती आहे असे समजा.

५. काही दिवसांनी प्लग काढून पाहा. फिकट तपकिरी रंग ठीक. काळी काजळी म्हणजे रिच, पांढरट म्हणजे लीन.

६. मीटरवरचा इंजिनाचा पिवळा दिवा पेटून राहिला तर गाडी दाखवून घ्या.

७. मूळ सायलेन्सर भंगारात घालू नका. त्यात किंवा त्याच्या नळीत धूर शुद्ध करणारी महागडी जाळी असते.

गाडी बहुधा वडिलांच्या नावावर असते, म्हणून वडीलधाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. आवाजाचे व धुराचे नियम मोडणारी गाडी चालवणारा आणि ती चालवू देणारा, दोघेही मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दोषी ठरतात. पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय इंजिन बिघडले तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते.

मुलावर रागावण्यापेक्षा त्याला जवळ बसवून हा हिशेब सांगा. आवाज वाढला म्हणून गाडीची ताकद वाढत नाही. गोठ्यातली जनावरे मात्र बुजतात, आणि पेट्रोलचा खर्च दुधाच्या पैशातूनच जातो.