तारेने बांधलेली लिव्हर महागात पडेल

आटपाडी तालुका डाळिंबाचा. क्रेटच्या थप्प्या हलवायला ज्या व्यापारी बांधवांनी पॅलेट ट्रॉली घेतली, त्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. मुठीतल्या लिव्हरला तीन जागा असतात. खाली ठेवून दांडा मारला की माल उचलला जातो, मधे ठेवली की ट्रॉली ओढता येते, वर ओढली की माल उतरतो. ही लिव्हर मोडली की पुष्कळजण तार बांधून काम रेटतात. टन-दोन टन माल हमालाच्या पायावर बसला, तर ती बचत कसली? लिव्हर, स्प्रिंग, साखळी सुटी मिळते. कंपनी व मॉडेल पाहून घ्यावी, साखळीचा स्क्रू जुळवावा, रिकाम्या ट्रॉलीवर तिन्ही जागा तपासाव्यात. आपल्या फिटर-वेल्डर कारागिरांनी हे काम शिकावे. दुरुस्तीची रोजी गावातच राहील.