हवाल्यांचा आकडा आणि आपली मुले

हल्ली आपल्या घरांतल्या मोबाईलवर औषधपाण्याचे निरोप रोज येतात. त्यांत एक वाक्य हमखास असते : 'शेकडो शोधनिबंध लिहिणाऱ्या जगप्रसिद्ध संशोधकाचे मत.' आकडा पाहिला की आपण दबतो. घरातली शिकलेली मुलेही दबतात. म्हणून हा आकडा काय असतो, ते या महिन्यात समजून घेऊ या.

डॉक्टर संशोधन करतात आणि ते निबंधाच्या रूपाने वैद्यकीय नियतकालिकात छापतात. पुढे दुसऱ्या संशोधकाने आपल्या लेखात त्या निबंधाचा हवाला दिला, की तो मोजला जातो. विज्ञानातील हवाल्यांची मोठी सूची अमेरिकेत यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केली. २००५ मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 'एच-इंडेक्स' सुचवला. एखाद्याचा एच-इंडेक्स २० असेल, तर त्याच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० हवाले मिळालेले असतात. नोकरी, बढती, अनुदान देताना हे आकडे पाहिले जातात. काम किती लोकांपर्यंत पोहोचले, हे त्यातून कळते. मात्र हवाला कौतुकाने दिला की चूक दाखवायला, हे आकडा सांगत नाही.

१९९८ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. त्यात फक्त १२ मुलांची माहिती होती. तेवढ्यावर गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित लसीचा संबंध स्वमग्नतेशी असावा, असा संशय पसरला. ब्रिटनमध्ये लसीकरण घटले, गोवर पुन्हा डोके वर काढू लागला. चौकशीत गैरप्रकार उघड झाले. २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने तो निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचे नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढले गेले. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची माहिती तपासली गेली. २०१९ च्या त्या अभ्यासात लस आणि स्वमग्नता यांचा संबंध आढळला नाही. तरीही या निबंधाला हजाराहून अधिक हवाले आहेत. बहुतेक टीकेचे आहेत, पण मोजणीत तेही धरले जातात.

आता दुसरे नाव घ्या. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळच्या सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून रोग्यांना पाजायला सांगितले. नातेवाईकच ते पाजत होते. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. या कामाचा निबंध १९७३ मध्ये छापून आला. आज जुलाब झाले की आपली अम्मी, दादी जे ओआरएसचे पाकीट उघडते, त्याच्या वापरावरचा विश्वास अशा कामातून आला. डॉक्टरांचा एच-इंडेक्स किती होता, हे कोणत्या आईला विचारावे लागले?

तेव्हा मोठ्या नावाचा निरोप आला, तर चार गोष्टी विचाराव्यात. निबंध कोणता? तो किती रोग्यांवर आधारलेला आहे? दुसऱ्यांनी तपासले, तेव्हा तेच आढळले का? आणि तो मागे तर घेतलेला नाही ना? 'पबमेड' या मोफत सूचीत मागे घेतलेल्या निबंधावर तशी सूचना असते. कॉलेजात जाणारी आपली मुलगी किंवा मुलगा हे पाच मिनिटांत पाहून देईल. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलांनाही सांगावेसे वाटते : बढतीसाठी पैसे भरून निबंधांची रास छापण्यापेक्षा एक काम नीट करा.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवराची साथ आली आणि लहान मुले दगावली. आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली मुले मोठ्या संख्येने होती. लस राहण्याची कारणे अनेक असतात : कामाच्या पाठी हिंडणे, केंद्राची वेळ, मनातली भीती. यातली भीती तरी आपण घरी बसून दूर करू शकतो. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत असतो. आजच बाळाचे लसीचे कार्ड काढून पाहा. एखादा डोस राहिला असेल, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो.