छन युआनयुआनचे गाणे कोणी ऐकले?

सतराव्या शतकातील चिनी गायिका छन युआनयुआन हिचे नाव निघाले की एकच गोष्ट सांगितली जाते. १६४४ साली बंडखोर ली झछंगने बीजिंग घेतले, मिंग सम्राट छोंगझनने गळफास लावून घेतला. सीमेवरचा सेनापती वू सान्ग्वे बंडखोरांना मिळण्याच्या बेतात होता. तोच आपली लाडकी छन त्यांच्या हाती पडल्याचे त्याला कळले आणि त्या संतापात त्याने मांचूंना शानहाय खिंडीतून आत घेतले. थोडक्यात, एका बाईपायी साम्राज्य गेले. चांगले अभ्यासकही 'ही दंतकथा असावी' एवढा शेरा मारतात आणि पुढे तीच गोष्ट रंगवून सांगतात. माझी तक्रार दंतकथेविषयी कमी, या शेऱ्याविषयी अधिक आहे.

मिंग सत्ता पोखरली ती वायव्येकडील दुष्काळाने, साथींनी, पगार थकलेल्या फौजांनी आणि मांचूंशी लढण्यासाठी शेतकऱ्यांवर चढवलेल्या करांनी. १६४२ मध्ये सोंगशान आणि जिनझोउ ही ठाणी पडली होती. वू सान्ग्वेचा बाप बीजिंगमध्ये लीच्या ताब्यात होता आणि पुढे कुटुंबासह मारला गेला. इतकी कारणे हाताशी असताना गायिकेकडे बोट दाखवावे लागते, याचे कारण इतिहासात शोधून सापडणार नाही. ते सांगणाऱ्यांच्या सोयीत आहे.

गंमत अशी की ही गोष्ट सर्वतोमुखी केली वू वेइये या कवीच्या 'युआनयुआन गीता'ने, आणि त्या दीर्घ कवितेतील उपरोधाचा रोख सेनापतीवर आहे. (कवीने स्वतःही पुढे मांचूंची चाकरी पत्करली, हेही ध्यानात ठेवावे.) वाचकांच्या पिढ्यांनी उपरोध गाळला आणि बाई तेवढी ठेवली. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तरी हे वाचन तपासायला नको काय?

छन गात काय होती? ती सूचौची. त्या भागात खुनछू ही गायननाट्याची शैली सोळाव्या शतकात घडली: बासरीची साथ, एकेका अक्षरावर लांबत जाणारी संथ, घोटीव स्वरावली. ही विद्या लहानपणापासून वर्षानुवर्षे रियाज केल्यावाचून अंगी येत नाही. पण तिच्या गाण्याची जी प्रत्यक्षदर्शी साक्ष उरली आहे ती खुनछूची नाहीच. १६४१ मध्ये माओ श्यांग या रसिकाने तिला ऐकले ते यियांग शैलीतील एका नाटकात. ही शैली ढोलझांजांची, गर्दीची, अभिजनांच्या लेखी गावंढळ. माओलाही ते नाटक हलके आणि त्याची चाल कर्कश वाटत होती. तीच चाल तिच्या गळ्यातून आली तेव्हा मात्र तो पुरता भारावून गेला. हलक्या मानलेल्या चीजेचे सोने करणे हे पट्टीच्या कलावंताचे लक्षण, हे आपल्या संगीतरसिकांना समजावून सांगायला नको.

आता शब्दांविषयी. तिच्यासारख्या स्त्रियांना चिनी भाषेत 'जी' म्हणतात. जुन्या वापरात या शब्दात गाणारी, वाजवणारी, नाचणारी असा अर्थ होता. मराठीत आपण बिनदिक्कत 'वेश्या' लिहितो. मी 'कलावंतीण' लिहीन. हा शब्दही आपण पुरेसा मळवला आहे, पण त्यात कला अजून शिल्लक आहे. तिच्या काळचा समाज कनवाळू होता असा याचा अर्थ नव्हे. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची 'युएहू' घराणी वेगळ्या नोंदीत, हीन दर्जाची म्हणून ठेवलेली असत. योंगझंग सम्राटाने तो दर्जा १७२३ मध्ये रद्द केला. छनलाही दरबाराशी सोयरीक असलेल्या एका बड्या माणसाच्या लोकांनी पळवून नेले. तिच्याशी लग्नाची बोली झालेला माओ १६४२ मध्ये परतला तेव्हा काही दिवसांचाच उशीर झाला होता.

त्याच वर्षी माओने दोंग श्याओवान या दुसऱ्या कलावंतिणीला घरात आणले. १६५१ मध्ये ती वारल्यावर त्याने तिच्या आठवणी लिहिल्या आणि छनच्या गाण्याचे ते वर्णन त्या आठवणींतच आले आहे, दुसऱ्या स्त्रीच्या शोकलेखात, जाता जाता. तौलनिक साहित्याच्या वर्गात 'युआनयुआन गीता'च्या आधी हे पान लावावे, आणि त्या तासाला सेनापतीचे नाव काढू नये.